‘व्हायरस आलाय, फॉरमॅट मारू?’

(मुळशी तालुक्यातल्या नांदे गावी झालेल्या महिला गटांच्या आणि कार्यकर्त्यांच्या मेळाव्यातील भाषण, थोडे संपादन करून.)



सकाळच्या सत्रात आपण पोटगीबद्दल बोललो, रेशनकार्डावरच्या नावाबद्दल बोललो. त्यानंतर आता कॉम्प्युटरवर भाषण, असं म्हटल्यावर मागच्या रांगेतल्या दोघी-तिघी एकमेकींकडे बघून हसल्या, ते मी पाहिलं. हसणं बरोबरच आहे. बाईच्या प्रश्नांमध्ये हे यंत्र कुठून आलं? पण आपल्या केंद्रांमध्ये काय बदललंय ते बघा. पूर्वी बाईची हकिकत वहीत असायची, वही कपाटात आणि कपाटाची किल्ली ताईंच्या कमरेला. आता हकिकत कॉम्प्युटरमध्ये आहे. अर्ज, कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालचा घटना अहवाल, दवाखान्याचे कागद, नवऱ्याच्या धमक्यांचं रेकॉर्डिंग, आणि बाई सध्या कुठे राहते तो पत्ता. कपाटाची किल्ली कोणाकडे द्यायची नाही, हे आपल्याला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. हे नवं कपाट मात्र बिघडलं की आपण ते उचलून दुकानात ठेवून येतो आणि ‘संध्याकाळी घ्यायला येते हं दादा’ म्हणतो.

एप्रिलमध्ये आमच्या इथल्या केंद्रातला कॉम्प्युटर अचानक बंद पडला. एक कार्यकर्ती गुरुवारच्या तारखेसाठी प्रतिज्ञापत्र टाइप करत होती, अर्धं झालं होतं, आणि पडदा काळा झाला. पुन्हा सुरू केला, चालला. दहा-बारा मिनिटांनी पुन्हा बंद. तिसऱ्यांदा निळा पडदा आला आणि त्यावर इंग्रजीत काहीतरी. जवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात फोन केला. पलीकडच्या मुलाने दोन वाक्यंसुद्धा ऐकून घेतली नाहीत. ‘मॅडम, व्हायरस आलाय. मशीन टाकून जा, फॉरमॅट मारून देतो.’ मी विचारलं, आतल्या फायलींचं काय? तर म्हणाला, ‘त्याचं टेन्शन घेऊ नका, सगळ्याचा बॅकअप माझ्याकडे काढून ठेवतो.’

तो मुलगा वाईट नव्हता, मदतच करत होता. पण त्याच्या बोलण्याचा अर्थ बघा. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक बाईचं नाव, तिची तक्रार, तिच्या अंगावरच्या वळांचे फोटो, हे सगळं त्याच्या दुकानातल्या मशीनवर उतरणार. आणि दुकान कुठे, तर त्याच पंचक्रोशीत. तिथे चहाला कोण बसतं? आमच्याकडे आलेल्या एखादीचा दीर बसत असेल, नवऱ्याचा मित्र बसत असेल. त्या दिवशी टाइप होत असलेलं प्रतिज्ञापत्र जिचं होतं ती बाई माहेरीसुद्धा राहत नव्हती, कारण नवरा माहेरी येऊन दारात उभा राहायचा. ती कुठे राहते हे केंद्रातल्या आम्हा तिघींना ठाऊक होतं, आणि त्या मशीनला.

म्हणून आम्ही मशीन दिलं नाही. म्हटलं, आधी आपण बघू काय झालंय. आज मला एवढंच सांगायचंय की असं बघता येतं. त्याला इंजिनीअर व्हावं लागत नाही.

आधी हे ‘व्हायरस’चं खूळ कुठून आलं ते सांगते, कारण ते अगदीच बिनबुडाचं नाही. एके काळी ते खरं होतं. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस लिहिला, तो फ्लॉपीवरून देशोदेशी गेला. मग ‘मायकलअँजेलो’ आला. तो वर्षभर गप्प बसायचा आणि ६ मार्चला मशीन सुरू केलं की हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसून टाकायचा. २६ एप्रिल १९९९ ला ‘चेर्नोबिल’ नावाच्या व्हायरसने तर काही मशीनमधली सुरू होण्यासाठी लागणारी चिपच निकामी केली. आपल्याकडेही त्याचा फटका बसला. त्या काळात मशीन मेलं म्हणजे व्हायरस, हे समीकरण बहुतेक वेळा बरोबर निघायचं. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलाश काटकर कॉम्प्युटरच्या दुरुस्तीत उतरले, तेव्हा त्यांच्याकडे येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस सापडायचे. ते काढायला त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी प्रोग्राम लिहिले, आणि त्यातूनच १९९५ मध्ये ‘क्विक हील’ उभं राहिलं. म्हणजे आपल्या पुण्यातला अँटिव्हायरसचा धंदा दुरुस्तीच्या टेबलावर जन्मला आहे. दुकानदारांच्या तोंडी तो शब्द बसला तो तेव्हापासून.

पण व्हायरस लिहिणारे आता बदलले. आता त्यांना पैसे हवे असतात किंवा माहिती हवी असते, आणि बंद पडलेल्या मशीनमधून दोन्ही मिळत नाही. पुण्याचंच उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत असा घातक प्रोग्राम शिरला. ११ ऑगस्टला, शनिवारी, अठ्ठावीस देशांतल्या एटीएममधून खोट्या कार्डांवर काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. देशातल्या एटीएममधून आणखी अडीच कोटी, आणि सोमवारी, १३ तारखेला, जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. पैसे काढायला परवानगी द्यायची की नाही हे विचारणारा संदेश बँकेकडे पोचायला हवा होता. तो मधल्यामध्ये अडवून चोरांचीच यंत्रणा ‘हो’ म्हणत होती. निळा पडदा आला असता तर निदान कोणी उठून बघितलं तरी असतं.

आता याच्या उलट बाजू. १९ जुलै २०२४, शुक्रवार. जगभरातले सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळे पडले. विमानतळ थांबले, आपल्याकडे प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. सगळ्यांना वाटलं, मोठा हल्ला झाला. हल्लाबिल्ला काही नव्हता. क्राउडस्ट्राइक नावाच्या, व्हायरसपासून राखण करणाऱ्याच कंपनीने पाठवलेल्या एका दुरुस्तीच्या फायलीत चूक होती. राखणदारानेच दार अडवलं म्हणा ना!

म्हणजे मशीन बंद पडणं ही एक गोष्ट आणि व्हायरस असणं ही दुसरी. कधी दोन्ही एकत्र असतात, पण एकावरून दुसरं ठरवता येत नाही. एक अपवाद सांगायला हवा: खंडणी मागणारा व्हायरस. तो स्वतःच पाटी लावतो की तुमच्या फायलींना कुलूप लावलंय, इतके पैसे द्या. जून २०१७ मध्ये न्हावाशेवाच्या बंदरातलं एक टर्मिनल अशाच प्रकारच्या व्हायरसने ठप्प झालं होतं. तशी पाटी दिसली तर इंटरनेटची वायर काढा, पैसे भरू नका, पाटीचा फोटो घ्या आणि १९३० ला फोन करा. तिथे आपल्या आपण प्रयोग करायचे नाहीत.

आता आमच्या मशीनकडे येते.

पहिलं काम केलं ते कागद-पेन घेऊन बसण्याचं. किती वाजता सुरू केलं, किती वाजता बंद पडलं, त्या वेळी काय चालू होतं, आवाज आला का, वास आला का. समुपदेशनात आपण हेच करत नाही का? ‘तो मारतो’ एवढ्यावर थांबत नाही. कधी, कशावरून, आधी काय झालं होतं, हे विचारतो. चार वेळा लिहिल्यावर दिसलं की सकाळी थंड मशीन बारा मिनिटं चालतं आणि लगेच पुन्हा लावलं तर चारच मिनिटं. व्हायरसला मशीन गरम आहे की थंड याच्याशी काय करायचंय? हे तापण्याचं लक्षण होतं. प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की मशीन जळू नये म्हणून स्वतःच वीज तोडतं.

निळ्या पडद्यावरच्या इंग्रजीला घाबरू नका. मोबाइलने त्याचा फोटो काढा. त्यात एक सांकेतिक नाव असतं, त्यावरून पुढचा शोध घेता येतो. मशीनच्या पोटात ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची एक रोजनिशीही असते. आमच्या रोजनिशीत ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद वारंवार होती. तिचा अर्थ एवढाच, की मशीन रीतसर बंद न होता एकदम बंद झालं. कारण ती सांगत नाही. पण वीज, यूपीएस आणि उष्णता इकडे आधी बघा, एवढं सुचवते.

यूपीएसची बॅटरी तीन-चार वर्षांत दमते. आपल्याकडे दिवे क्षणभर लवतात, टीव्हीला कळतसुद्धा नाही, पण दमलेल्या यूपीएसवरचा कॉम्प्युटर जातो. आम्ही यूपीएस बाजूला करून मशीन थेट भिंतीच्या प्लगला लावून पाहिलं. तरीही बारा मिनिटांत बंद. म्हणजे यूपीएस निर्दोष.

मग कॅबिनेट उघडलं. प्लग काढून, सुरू करायचं बटण पाच-सहा सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या धातूला हात लावला. दोन स्क्रू काढले, बाजूचा पत्रा सरकवला. आणि आत काय, तर गादीच! नांदे, सूस, म्हाळुंगे, सगळीकडे बांधकामं चालू आहेत. खडी आणि क्रश सँडचे डंपर दारावरून जातात. ती सगळी धूळ पंख्यावर बसून तिचं नमदं झालं होतं. प्रोसेसरवरचा पंखा बोटाने फिरवला तरी अडत होता. रंगाच्या कोऱ्या ब्रशने धूळ झाडली, पंखा नवीन बसवला, प्रोसेसर आणि त्याच्यावरच्या धातूच्या ठोकळ्यामध्ये असते ती वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. पंखा आणि पेस्ट मिळून खर्च सातशे रुपयांच्या आत. एक डबा मात्र उघडायचा नाही, तो म्हणजे वीजपुरवठ्याचा. प्लग काढल्यावरही त्यात धोक्याइतकी वीज साठलेली असते.

तुमच्याकडे दुसरंच काही निघेल. मशीन सुरू होताना नुसतंच टूं-टूं करत असेल तर रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच पुसून परत बसवा. पुष्कळदा तेवढ्याने भागतं. हार्ड डिस्कमधून कट-कट आवाज येत असेल तर मात्र त्याच क्षणी थांबा. ‘अजून एकदा लावून बघू’ असं म्हणत राहिलं की वाचण्यासारखं असतं तेही जातं. आणि नवीन काही बसवल्यावर किंवा अपडेट आल्यावर बिघाड सुरू झाला असेल, तर शिफ्टचं बटण दाबून धरून रीस्टार्ट करा, सेफ मोडमध्ये जा आणि जे बसवलं ते काढा.

आमचं मशीन सुरू झालं. प्रतिज्ञापत्राचा शेवटचा परिच्छेद सोडला तर सगळं वर्डनेच राखून ठेवलं होतं. त्याशिवाय शनिवारची प्रत वेगळ्या डिस्कवर, कपाटात, कुलपात होतीच. गुरुवारी शिवाजीनगरच्या कोर्टात कागद वेळेवर गेले.

आणि व्हायरस? तोही होता! मशीन बरं झाल्यावर आम्ही ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’ची ऑफलाइन तपासणी चालवली. ती विंडोज सुरू होण्याआधीच तपासते, त्यामुळे चोर जागा होण्याआधी पकडला जातो. पाव तास लागतो, आणि हे विंडोजमध्ये फुकट असतं. त्यात झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्हवर आलेला एक किडा सापडला. तुम्हीही पाहिला असेल: पेन ड्राइव्ह उघडला की सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले दिसतात. तिथेही लोक म्हणतात, ‘फायली उडाल्या, फॉरमॅट मारा.’ सहसा उडालेल्या नसतात, लपवलेल्या असतात. त्या शॉर्टकटवर क्लिक करायचं नाही. आधी पेन ड्राइव्ह तपासून किडा काढायचा, मग ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘हिडन आयटम्स’ला खूण केली की खऱ्या फायली बहुधा दिसतात. नाहीच दिसल्या तरी धीर सोडू नका. काही किडे त्यांना दुहेरी पडदा घालतात, तो काढायची एका ओळीची आज्ञा आहे, ती दुपारी दाखवते. तेव्हापासून झेरॉक्सला आम्ही वेगळा पेन ड्राइव्ह नेतो, त्यावर छापायचा तेवढाच कागद असतो, आणि परत आल्यावर तो आधी पुसतो.

फॉरमॅट या शब्दाबद्दल थोडं. तो उपाय आहे, पण शेवटचा. आणि त्याने सगळं पुसलं जातं असं आपल्याला वाटतं, तेही पुरतं खरं नाही. जुन्या हार्ड डिस्कवर झटपट फॉरमॅट मारला की आपल्याला फायली दिसेनाशा होतात; ज्याच्या हातात डिस्क आहे त्याला त्यातल्या बऱ्याच परत काढता येतात. म्हणजे आपलं गेलं आणि त्याचं राहिलं. त्यात रेकॉर्डिंग, मेसेजचे फोटो असतील तर प्रश्न कोर्टापर्यंत जातो. असा पुरावा देताना प्रमाणपत्र जोडावं लागतं. पूर्वी पुरावा कायद्याचं ६५ ब कलम होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ६३. मूळ फाइल ज्या फोनमध्ये आहे तो बाईला जपायला सांगा, आपल्याकडची प्रत ही फक्त प्रत आहे. बाईची ओळख सांभाळण्याबद्दलही कायदा बोलतो. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांत पीडित बाईची ओळख पटेल असं काही छापणं, प्रसिद्ध करणं हा अपराध आहे. तेव्हा २२८ अ कलम होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं ७२ आहे. नवऱ्याने मारलेल्या बाईच्या फाइलला ते कलम लागत नाही. तिची राखण आपल्याच शब्दावर आहे.

जे आवाज करत नाहीत त्यांची काळजी जास्त करा. आपल्यासारख्या संघटनांना तर विशेष. भीमा कोरेगाव प्रकरणातल्या एका आरोपीच्या संगणकाबद्दल अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या प्रयोगशाळेचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आला. ई-मेलमधून आलेली एक फाइल उघडल्यावर बाहेरच्या कोणाचा तरी त्या मशीनवर ताबा आला, तो बावीस महिने राहिला आणि त्या काळात त्यात पत्रं ठेवली गेली, असं तो अहवाल म्हणतो. तपास यंत्रणेने ते नाकारलं आहे. त्याचा निवाडा कोर्टाने करायचा. आपल्यापुरतं इतकं, की ओळखीच्या माणसाच्या नावाने आलेली फाइलसुद्धा एक फोन करून विचारल्याशिवाय उघडायची नाही.

आणि बायकांचे फोन. ‘ताई, माझ्या फोनमध्ये व्हायरस आहे, मी कुठे जाते ते ह्यांना कळतं,’ असं सांगणारी बाई आता दर महिन्याला येते. तिला वेड्यात काढू नका. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडा. नवऱ्याने तिचं व्हॉट्सॲप स्वतःच्या लॅपटॉपला जोडून ठेवलेलं अनेकदा तिथेच दिसतं. गूगलचं खातं कोणी काढून दिलं, पासवर्ड कोणाला माहीत आहे, ते विचारा. पाळत ठेवणारं ॲप सापडलं तर हात आवरा. ते काढलं की त्याला त्याच दिवशी कळणार, आणि त्या रात्री ती त्याच घरात असणार. आधी तिच्या जाण्याची सोय, पैसे, मुलांचे दाखले, फोटो काढून पुरावा ठेवायचा, मग ॲप. तोवर तिने आपल्याशी बोलायला शेजारणीचा फोन वापरावा.

दुरुस्तीवाल्याकडे कधीच जायचं नाही असं मी म्हणत नाही. मदरबोर्ड जळला तर तुम्ही-आम्ही काय करणार? पण जायची रीत ठरवा. शक्यतो त्याला केंद्रात बोलवा आणि आपली एक जण शेजारी बसू द्या. मशीन न्यावंच लागलं तर हार्ड डिस्क काढून घ्या. दोन वायरी आणि चार स्क्रू, दुपारी दाखवतेच. त्याला चाचणीसाठी त्याची स्वतःची डिस्क लावता येते. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असतं, ते चालू आहे का पाहा आणि त्याची ४८ आकड्यांची किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवा. ती हरवली तर आपल्यालाही डिस्क उघडता येत नाही. हिंजवडीच्या कंपन्यांकडून आलेली जुनी मशीन ज्यांच्याकडे आहेत त्यांनी आणखी एक बघा. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ते मशीन पत्रकं टाइप करायला ठेवा, बायकांच्या फायली त्यावर नकोत.

‘हे मुलांचं काम आहे,’ असं मला एका गटातल्या ताई म्हणाल्या. मी त्यांना विचारलं, गॅसची शेगडी बिघडली की बर्नर कोण उघडून साफ करतं? मिक्सरचा ब्रश कोण बदलून आणतं? शिलाई मशीनचा पट्टा कोण चढवतं? यंत्राशी आपलं वैर कधीच नव्हतं. पगार मिळणाऱ्या यंत्रांजवळ आपल्याला बसू दिलं नाही, एवढंच. आमच्या केंद्रात आता पंखा साफ करायचं काम दर दोन महिन्यांनी आळीपाळीने असतं. परवाच्या पाळीला सातवी शिकलेल्या, धुणीभांडी करणाऱ्या एका ताईंनी सगळ्यात स्वच्छ काम केलं. त्यांचा हात घासायला बसलेला आहे, असं त्याच म्हणाल्या.

आता चहा घेऊ. नंतर मागच्या खोलीत दोन जुनी कॅबिनेट मांडली आहेत, ती आपण उघडणार आहोत. स्क्रू ड्रायव्हर तीनच आहेत, तेव्हा आधी पुढच्या रांगेतल्या नऊ जणी या, तिघी-तिघींनी बसा. ओढण्या आणि पदर खोचून घ्या, आणि हातातल्या बांगड्या जरा वर सरकवा.